झेंडूच्या हाराआडचा स्विच

खंडेनवमीच्या दुपारी रुग्णालयातल्या स्विचला झेंडूचा हार घातलेला होता. नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात, ती ही पेटी. सकाळी पूजा झाली आणि तेव्हापासून प्रयोगशाळेचे अहवाल वरच्या मजल्यावर पोचेनात. रक्ताच्या अहवालावाचून माझ्या बहिणीची शस्त्रक्रिया अडली होती. तोंडी सांगितलेल्या आकड्यांवर डॉक्टर ती सुरू करणार नव्हते.

संगणक विभागाच्या मेघनाताईंनी पेटीला हात लावला नाही. लॅपटॉपवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांची यादी, चालवली. तिने प्रत्येक पोर्टबद्दल, म्हणजे तार खोचायच्या प्रत्येक जागेबद्दल, स्विचला एकच गोष्ट विचारली: इथे जोडणी आहे का? उत्तरं ओळीने आली. प्रयोगशाळेचं पोर्ट रिकामं. शेजारचं, पाहुण्यांच्या इंटरनेटसाठी वेगळं ठेवलेलं आणि एरवी रिकामं असणारं, मात्र चालू.

“पुसताना तार कोणी काढली?” मेघनाताईंनी विचारलं.

प्रयोगशाळेचे देसाई पुढे आले. “मीच. पूजेआधी देवाला आंघोळ नको का, मॅडम?”

“घाला की! पण नंतर त्याच देव्हाऱ्यात बसवा.”

मी बातमीदार; मला अशी उत्तरं क्वचित मिळतात. माणसं विचारलेलं सोडून बाकी सगळं सांगतात. या साध्या पेटीला फारसं काही कळत नाही. पण जे कळतं ते ती न सजवता सांगते, आणि कोणाला दोष देत नाही.

देसाईंनी शेजारच्या पोर्टमधली तार काढून तिच्या जागेवर खोचली. हाराआड हिरवा दिवा लुकलुकला. थोड्या वेळाने वर बहिणीचं स्ट्रेचर हललं.