नानांचा शिव्या खाण्याचा वर्ग

आमच्या जळगावच्या घरमालकांइतक्या मनापासून शिव्या देणारा सज्जन माणूस अख्ख्या खान्देशात झाला नसेल. सदुसष्टच्या सुमारास मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेलो. सगळे त्यांना नाना म्हणत. कापडाचं दुकान, कपाळाला केशराचा टिळा, कांद्यालाही शिवायचे नाहीत. आणि रविवार उजाडला की एसटीने असोद्याला, कधी थेट सोनगीरला जाऊन देवळाच्या ओट्यावर आडवे पडणार आणि जमलेल्या मंडळींच्या बेचाळीस पिढ्यांचा उद्धार करणार. तोही फुकट. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला.

हा त्यांचा अफू सोडवण्याचा वर्ग. डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतील, पण माणसाची तडफड घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच सोसायची असते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते स्वतः अफू तुटलेल्या माणसाचं सोंग घ्यायचे, गावकऱ्यांनी आळीपाळीने त्यांचे पाय चेपायचे, ऊन पाणी पाजायचं. मग नाना मारवाडी आणि अहिराणी अशा दोन्ही भाषांतून सुटायचे. उलट बोलेल तो नापास. सोनगीरची एक म्हातारी पाय चेपता चेपता शांतपणे म्हणाली, "नाना, मन्हा घरवाला तुमनापेक्षा बरा शे." हिला पास करावं की नापास, हे नानांना आठवडाभर ठरवता आलं नाही. घरी आलेल्या पाहुण्यालाही पाण्याआधी खिडकीशी नेऊन ते त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या अफूने बारीक झाल्यात का ते तपासत. माझे सासरे त्यानंतर आमच्याकडे मागच्या दारानेच येऊ लागले.

हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी, ते मात्र घरातच होते. नानांचे थोरले भाऊ, भाईजी. आईवडिलांमागे त्यांनीच नानांना वाढवलं. सोयरीक ठरली की ओंजळीतून अफूचं पाणी पुढे करायची त्यांच्या मारवाडी घराण्यात जुनी रीत. भाईजी वडीलधारे, दर वेळी पहिला मान त्यांचा. त्या मानानेच त्यांचा घात केला. पुढे ते आतल्या खोलीत झापड लागल्यासारखे पडून असत, धाकट्याशी बोलतही नसत.

डॉक्टरांनी अगदी निक्षून सांगितलं तेव्हा कुठे भाईजी तयार झाले. नाना उशाशी बसले, असोद्याचे, वर्गात शिकलेले काही लोक मदतीला आले. पण भाईजींनी एकही शिवी दिली नाही. त्यांनी धाकट्यापुढे हात जोडले. "एकच गोळी दे रे. तुला मी कधी कशाला नाही म्हटलं?"

याचा धडा वर्गात नव्हता. नाना उठून, डॉक्टरांनी मोजून दिलेल्या गोळ्या होत्या त्या कपाटाकडे निघाले. असोद्याच्या एका पाटलीणबाईंनी त्यांचा हात धरला. "नाना, तुम्ही बाहीर बसा. आम्ही पाहातो त्यायले." स्वतःच्याच घरातून नानांना ओट्यावर काढलं, आणि ते तिथेच बसून राहिले. आत असोदेकर पाळ्या लावून राहिले. भाईजींच्या विनवण्या कानावर येत, नाना डोळे पुसत आणि ताट तसंच परत पाठवत.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी भाईजी पाटलीणबाईंच्या मुलाच्या खांद्याला धरून बाहेर आले. नानांकडे नीट निरखून पाहिलं. "किती वाळलास रे. जेवतोस की नाही?"

पन्नाशीचे नाना हुंदके देऊन रडले. त्या दुपारी दोघे भाऊ एका ताटात जेवले. आता दोघेही नाहीत. जळगावचं कुणी भेटलं की मी अजून नाना कसे आहेत हे विचारायला जातो आणि मध्येच थांबतो.