भरपूर हवेत

बेळगावच्या कॉलेजात आम्हाला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांची मला अजून शिसारी येते. फळ्यावर समीकरण मांडायचं, चिमूटभर निपाणीची तपकीर नाकात कोंबायची आणि शिंकून झालं की त्याच बोटांनी आकडे पुसायचे. ज्वलनाची समीकरणं म्हणजे त्यांच्या लेखी नुसती बेरीज. डावीकडे जितके अणू तितकेच उजवीकडे आले, की संपला विषय. प्रत्येक वेळी सुरुवात "भरपूर हवेत" अशी. हवा कमी पडली तर, असं मी एकदा विचारलं. "मग आकडे बदलायचे," असं म्हणून त्यांनी बदलून दाखवले. दोन कार्बन, ऑक्सिजनचा एक रेणू; उजवीकडे दोन कार्बन मोनॉक्साइड. "जीवघेणा वायू. रंग नाही, वास नाही. पुढचं घ्या."

त्या दिवाळीत निपाणीजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा माझी थोरली बहीण, आक्का, पहिल्या बाळंतपणाला आलेली होती आणि नुकतीच मोकळी झाली होती. बाळंतिणीच्या खोलीचा सगळा कारभार आत्याकडे. एकुलत्या एका खिडकीत तिनं पोतं कोंबलं होतं आणि बाजेखाली लोणारी कोळशाची शेगडी ठेवली होती. ओवा-शेपांची धुरी, आंबलेलं दूध, ओली दुपटी, सगळ्यांचा मिळून एक कुबट वास. सुवेर म्हणून मला आत पाऊल टाकायला बंदी, पण तो वास दारापर्यंत येत होता.

आक्काचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. दुपारी तिला उलटी झाली. बाजेखालचे लाल निखारे बघताना मला फळ्यावरचे ते बदललेले आकडे दिसायला लागले.

"आत्ती, खिडकी उघड. आत हवाच न्हाय. कोळशाचं विष भरलंय."

"वारं लागून वात झाला म्हंजे तू निस्तरणार व्हय रं? तुझं कालिज बेळगावातच ठेव. दृष्ट लागलीया पोरीला."

आप्पा, म्हणजे आमचे वडील, सोप्यात विडी ओढत बसले होते. त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, "बायकांच्यात पडू नगंस."

मग दृष्ट काढायचं ठरलं. बाळाला तेलपाण्यासाठी बाहेर नेलं होतं, तेवढं नशीब. आत्यानं आक्कावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि त्याच शेगडीत टाकल्या. आधीच हवा नाही, त्यात आणखी जाळायचं! आमच्याकडे मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच असं धरतात. ठसका लागला नाही तर ती जबर होती. आत्या स्वतः पदर नाकाला लावून खोकत होती, ते कुणी जमेस धरलं नाही.

"बघा गं, पोरीला ठसकासुदिक न्हाय! लई जबर दृष्ट!"

दारातल्या शेजारणींनी माना डोलावल्या. त्यांच्या खांद्यावरून मी बघितलं. आक्काची मान एका बाजूला कलंडली होती. शुद्धच नाही, तर ठसका कसा लागणार?

बायकांना ढकलून मी आत शिरलो. पोतं उपसून काढलं, शेगडी परसात भिरकावली आणि आक्काला बाजेसकट दाराशी ओढलं. "शिवला, शिवला!" म्हणून आत्यानं घर डोक्यावर घेतलं. बऱ्याच वेळानं आक्कानं डोळे उघडले. छाती वरखाली झाली आणि तिला खोकल्याची मोठी उबळ आली.

"आला ठसका! उतरली दृष्ट!" आत्यानं तिथल्या तिथं नारळ फोडला.

आत्याची वाहवा झाली. मी विटाळलो म्हणून मला गोमूत्र प्यायला लावलं. ती चव अजून घशात आहे.

सुट्टीनंतर मास्तरांनी तेच समीकरण परत घातलं. मी ते बिनचूक जुळवलं आणि मला त्या वहीची किळस आली. भरपूर हवेतलं असो की कोंदलेल्या खोलीतलं, समीकरण सारखंच नेटकं जुळतं. त्या खोलीत कुणाची बहीण निजली आहे, हे त्यात कुठंच येत नाही.

आक्का दुसऱ्या खेपेला आली, तेव्हा मी आधीच गावी जाऊन बसलो. आत्याची पाठ वळताच खिडकीतलं पोतं काढून टाकलं. बाजेवरून आक्कानं मला हाक मारली. कुणी ऐकू नये म्हणून ती हळू बोलली.

"अरं, बसीव की ते पोतं परत. वारं लागतंय. आन् आत्तीला सांग, मिरच्या जवळच ठेव म्हणावं. गेल्या बारीला त्येनीच माझा जीव वाचला."