जाळरेषेवरची दुपार
वाळलं गवत जळल्याचा वास आला की मला हैदराबादजवळच्या एका गावातली दुपार आठवते. कॉम्प्युटर कंपन्यांचं तेव्हा नुकतंच पेव फुटलं होतं. लग्न होऊन काही आठवडेच झाले होते, आणि नवरा कामासाठी अमेरिकेला गेला. हैदराबादेत विद्यानगरच्या दोन खोल्यांत मी एकटी उरले. तेलुगू येत नव्हतं, त्यामुळे बोलायलाही कुणी नव्हतं. ते पाहून शेजारच्या आंटींनी मला त्यांच्या गावच्या सणाला नेलं. उन्हाळ्यात वणवा जंगलात शिरू नये म्हणून सारं गाव मिळून कडेच्या गवताचा पट्टा, म्हणजे जाळरेषा, आधीच जाळायचं, त्याचाच तो सण. डफ वाजत होते, मोहाच्या झाडांखाली भात शिजत होता. काम नवरा-बायकोच्या जोडीनं चालायचं. एकानं पेटवायचं, दुसऱ्यानं पाल्याच्या ओल्या फांदीनं आग आवरायची. आंटी त्यांच्या नवऱ्याबरोबर पुढे गेल्या आणि मी फांदी धरून नुसतीच उभी राहिले. तेवढ्यात एक म्हातारे मशाल घेऊन जवळ आले. "अकेली है क्या बेटी? मेरी घरवाली बी अब नै रही. आजा, मेरे साथ मार." ते "मार" म्हणाले की मी आगीवर फांदी मारायची, "बस" म्हणाले की थांबायची. पट्टा काळा झाल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते आपल्या वाटेनं निघून गेले. दुसऱ्या दिवशी आंटींकडे माझ्या नवऱ्याचा फोन आला. "काल काय केलंस?" त्यानं विचारलं. "काही नाही," मी म्हणाले. तो परतून आता कितीतरी वर्षं झाली, पण ती दुपार मी त्याला अजून सांगितलेली नाही.