हवालदारांच्या वाट्याचं तेल

दुपारचं जेवण कसलं, दोन घास पेज पोटात ढकलून केवळबाई आडवी होते. हाडांतलं दुखणं कंबरेत ठाण मांडून बसलंय. उशीशी बाटली आहे, भांगेच्या पाल्याचं तेल, शहरातल्या वैद्यांनी रीतसर लिहून दिलेलं. ती मिळवायला मुलाने किती उंबरे झिजवले, त्याचं त्यालाच ठाऊक. जिभेखाली थेंब सोडावा, तेव्हा कुठे डोळा लागतो. आत्ता लागतोय, तोच दारात तिचे मालक, हवालदार, उभे. मागच्या पोळ्याला गेलेले, जबड्याच्या कॅन्सरने.

अंगावर खाकी. बुटांसकट आत येतात आणि पिठाचा डबा उपडा करतात.

"काय शोधताय?"

"खबर आहे. घरात गांजा आहे."

"औषध आहे ते. माझं."

"सगळे असंच म्हणतात."

जन्मभर हेच. मेल्यावर तरी माणसाने खाकी उतरवावी की नाही? डब्यामागे भिंत नाही, तुरीचं रान आहे. तुरीच्या ओळींत लपवलेली गांजाची झाडं हवालदार उपटतायत. उपटल्या जागी इस्पितळाची खाट आहे. खाटेवर तेच, जबडा सुजलेला, दातांत टॉवेल.

"मला का नाही दिलंस?"

केवळबाईला संतापच येतो. "कोण देणार होतं? गावातल्या वैद्यांच्या बाटल्या तुम्हीच जप्त केल्यात. परवाना होता त्यांच्याकडे, तरी. मी पाया पडले, तर म्हणाले, बाई, आता मी ठेवतच नाही. शहरात चौकशी करेपर्यंत तुम्ही गुरासारखे ओरडत गेलात."

"माहीत आहे," हवालदार म्हणतात. "अजून दुखतं गं."

एवढ्यावर तिचा राग कुठल्या कुठे जातो. ती टॉवेल काढते. ते आ करतात, लेकराने करावा तसा. एक थेंब, दुसरा. भागत नाही. मग ती बाटलीच त्यांच्या तोंडाला लावते. जबडा हळूहळू सैल पडतो, डोळे मिटतात.

"आई, काय केलंत हे?" सून तिचा खांदा हलवतेय. बाटली रिकामी, उशी तेलाने चिंब. नवी कधी मिळेल, देव जाणे. कंबरेतली कळ वर चढू लागलीय.

"ह्यांना दिलं," केवळबाई म्हणते. "झोपलेत आत्ताच. हळू बोल."