नऊ गच्च्या आणि एक टेलिफोन

आधी ट्रक गेला. चोरीला नाही, एका सोमवारी पत्र आलं आणि पुढच्या रविवारी तो शेडमध्ये नव्हता. मग डिझेल गेलं. ट्रक गेल्यावर त्याचा तसाही उपयोग नव्हता, पण त्यासाठी वेगळं पत्र आलं. महिन्याचं शिबिर पंधरवड्यावर आलं. टेलिफोनच्या वायरीचे निम्मे ड्रम परत मागवले गेले. शेवटी रविवारच्या परेडनंतर मिळणारा वडापाव बंद झाला, आणि तेव्हा कुठे तुकडीतल्या लोकांना परिस्थिती गंभीर असल्याचं जाणवलं. एकाच गोष्टीत कपात झाली नाही: पितळ चमकवायच्या पॉलिशमध्ये. त्याचे डबे वेळेवर येत राहिले. आमचं सैन्य हळूहळू नाहीसं होत होतं, पण त्याची बक्कलं झळाळत होती.

आम्ही राखीव दलातले, म्हणजे सोमवार ते शनिवार माणसं आणि रविवारी सैनिक. मी विमा कंपनीत टेबलाशी बसतो. कांदिवलीतल्या आमच्या तुकडीचं काम एकच: पुरात किंवा कुठल्याही मोठ्या संकटात मोबाइल बंद पडले, तर दोन ठिकाणांमध्ये वायर ओढायची आणि हँडल फिरवून वाजणारे जुने फोन जोडून द्यायचे. हे फोन इतके जुने आहेत की बिघडायचं विसरले आहेत.

मी देशप्रेमाने भरती झालो असं लिहायला मला आवडलं असतं. खरं कारण आमच्या हाउसिंग सोसायटीच्या कमिटीच्या मीटिंगा. त्या रविवारी सकाळी असत. एकेका मीटिंगमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर दोन तास चर्चा होई आणि शेवटी पुढच्या मीटिंगची तारीख ठरे. वर्दी घातलेल्या माणसाला मात्र कोणी मीटिंगला बोलावत नाही. नऊ वर्षं मी असा सुखात होतो.

तुकडी चालवायचे आमचे सुभेदार. मूळचे कोकणातले, वडील गिरणीत. स्वतः पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सुटणार, हे त्यांच्या हातात. त्यांची वर्दीतली तीन वर्षं उरली होती. पुढचं पत्र आलं ते त्यांनी मला वाचायला दिलं. तुकडीची उपयुक्तता तपासली जाईल, शेडपासून अग्निशमन केंद्रापर्यंत चार तासांत टेलिफोन जोडून दाखवावा, न जमल्यास तुकडी बरखास्त. ही लाइन आम्ही पूर्वी ट्रकमधून वायर सोडत टाकायचो, नाल्याला वळसा घालून, मुख्य रस्त्याने. आता ट्रक नव्हता, वळशाला पुरेल एवढी वायर नव्हती, आणि मुख्य रस्ताही खोदून ठेवला होता. मी म्हटलं, साहेब, ही परीक्षा नाही, निरोप समारंभ आहे.

सुभेदार बक्कल पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "माझ्या बापाशीच्या गिरणीक नुसती नोटीस लागली. फाटकावर. आमची निदान परीक्षा तरी घेतत."



उपाय सुचला तो केबलवाल्याला. तो आमच्यातला साधा शिपाई. आठवडाभर कांदिवलीत केबल टीव्हीचा धंदा, तोही घटत चाललेला, कारण गिऱ्हाइकं मोबाइलवर सिनेमे बघू लागली होती. कपात म्हणजे काय हे त्याला आमच्याआधी कळलं होतं. त्याने चहाच्या कपांच्या बशा ओळीने मांडल्या आणि सांगितलं की रस्ता विसरा, वरून जाऊ. शेड ते अग्निशमन केंद्र, सरळ रेषेत नऊ गच्च्या. वरून नाल्याचा वळसा वाचतो आणि निम्मी वायर पुरते. फक्त नऊ सोसायट्यांची परवानगी हवी.

फक्त! मला हसू आलं, पण मी कामाला लागलो. आयुष्यभर पत्रं लिहिलेला माणूस मी. तुकडीच्या शिक्क्यासह, 'तातडीचे' असं अधोरेखित करून नऊ पत्रं लिहिली. उत्तरं आली. एका सोसायटीने विषय वार्षिक सभेपुढे ठेवायचं ठरवलं, आणि ती सभा नुकतीच झाली होती. दुसरीने अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र मागितलं. तिसरीने विचारलं, वायर टाकून झाल्यावर वॉटरप्रूफिंगची हमी कोण देणार. शत्रू अंधेरीपर्यंत आला तरी त्याला बोरिवलीला जाताना आधी या लोकांची परवानगी घ्यावी लागेल, एवढी मात्र माझी खात्री पटली.

"तुला पत्रं लिहायला कोणी सांगितली रे?" केबलवाला म्हणाला. "पत्र गेलं की मीटिंग लागते. वर जायचं, टीव्ही कसा दिसतो विचारायचं, नीट करून द्यायचा, मग बोलायचं."

कोणीतरी सुचवलं की त्यापेक्षा सुभेदारांनीच प्रत्येक सेक्रेटरीला एकदा भेटावं. पाण्याची चावी ज्याच्या हातात, त्याला कोण नाही म्हणणार? सुभेदारांनी एवढंच सांगितलं, "तां माझां रोजचां काम. ह्यां रविवाराचां." तो विषय तिथेच संपला.

पंधरा दिवसांत केबलवाल्याने आठ गच्च्या मिळवल्या. तीन टीव्ही, एक इंटरनेट आणि एक लिफ्टची घंटा दुरुस्त करून. नववी गच्ची रस्त्यापलीकडे होती, आणि तिथे त्याची डाळ शिजेना, कारण तिथल्या सेक्रेटरींनी पूर्वीच गच्चीवरच्या सगळ्या वायरी काढून टाकल्या होत्या. ती माझी सोसायटी.

मी त्यांच्याकडे गेलो. सत्तरीचे, निवृत्त, सडपातळ गृहस्थ. समोर माझं पत्र फाइल करून ठेवलेलं. म्हणाले, "नऊ वर्षांत तुझं पहिलं पत्र. मला वाटलं तू गेलास की काय." मी सगळं सांगितलं, ट्रक, ड्रम, वडापाव आणि गिरणीच्या फाटकावरची नोटीससुद्धा. ते ऐकून घेत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले की गच्ची देतो, पण आता त्यांच्याने होत नाही. येत्या निवडणुकीत मी सेक्रेटरी व्हायचं.

ज्या खुर्चीपासून पळायला मी सैन्यात शिरलो होतो, ती सैन्याने मला शोधून आणून दिली. मी म्हटलं, "होतो, काका."

परीक्षेच्या रविवारी शेडसमोर मंडपवाल्याकडून आणलेला लाल गालिचा अंथरला होता. वडापावला पैसे नव्हते, गालिच्याला कुठून आले ते मी विचारलं नाही. तपासणीला आलेले कर्नल मात्र चांगले निघाले. गालिचा टाळून कडेच्या मातीतून आले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, सुरू करा. आठ वाजले होते.

सुरुवात झकास झाली. नायलॉनच्या दोरीला जड नट बांधून पुढच्या गच्चीवर फेकायचा, दोरीमागून वायर ओढायची, हे केबलवाल्याच्या हाताला इतकं सवयीचं होतं की बाकीच्यांनी नुसतं ड्रम उचलून पळायचं. पाचव्या गच्चीवर एका आजींचे पापड वाळत होते. आजींनी वायर काठीने उंच धरली आणि आम्ही खालून वाकून गेलो. साडेदहाला आठवी गच्ची झाली.

मग रस्ता. पलीकडे माझी गच्ची, तिथे मी आणि वॉटरप्रूफिंगवर नजर ठेवायला आलेले काका. एवढ्या अंतराला नट पोचणार नव्हता म्हणून केबलवाल्याने क्रिकेटच्या चेंडूला भोक पाडून दोरी ओवली होती. खाली आमच्या दोघांनी वाहनं थांबवली. पहिला चेंडू गच्चीच्या कठड्याला लागून खाली पडला. दुसरा एका रिक्षाच्या टपावर. रिक्षावाल्याने तो परत दिला, सोबत तुकडीबद्दलचं आपलं मतही दिलं. केबलवाल्याचा खांदा दुखायला लागला. वाहनं जास्त वेळ अडवता येणार नव्हती. आठव्या गच्चीवर सुभेदारांनी टोपी काढून, आजींनी काठी धरली होती तेवढ्याच काळजीने बाजूला ठेवली, चेंडू घेतला, चार पावलं धावले आणि फेकला. सीमारेषेवरून यष्टीपाशी येतो तसा तो आला. सपाट, माझ्या डोक्यावरून. मी उडी मारली आणि हुकलो. मागे वळून बघितलं तर चेंडू काकांच्या दोन्ही हातांत होता. ते स्वतःच चकित झाले होते.

"आउट," ते म्हणाले.

उरलेलं काम ओढायचं होतं. अग्निशमन केंद्राच्या टेबलापर्यंत वायर पोचली तेव्हा ड्रमवर जेमतेम दोन हात शिल्लक होती. वाजले होते अकरा पस्तीस. मी फोन जोडला आणि हँडल फिरवलं. नियमाप्रमाणे मी तुकडीचा क्रमांक सांगायचा, आणि शेडमध्ये परत पोचलेल्या सुभेदारांनी तो परत उच्चारायचा. मी सांगितला. 

मग सुभेदार म्हणाले, "तुझो आवाज स्पष्ट येता रे. एकदम स्पष्ट." क्रमांक उच्चारायचं ते विसरले. नंतर फोन कर्नलनी घेतला आणि विचारलं की ट्रकशिवाय हे कसं जमवलं. मी केबलवाल्याचं नाव सांगितलं, हुद्द्यासकट.

महिन्याभराने पत्र आलं. तुकडी कायम. त्याखाली एक ओळ होती: तुकडीने वाहनाविना काम करण्याची क्षमता सिद्ध केल्याने वाहनाची मागणी निकाली काढण्यात येत आहे. मी ती ओळ वाचून चिडलो. आपण जिंकून त्यांचंच म्हणणं खरं करून दिलं, असं मी म्हणत होतो. सुभेदारांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून वर्दीच्या खिशात ठेवलं आणि इतक्या मोठ्याने हसले की शेडमधली कबुतरं उडाली. "ट्रक कोणाक होयो?"

मी आता सेक्रेटरी आहे. मीटिंग शनिवारी संध्याकाळी ठेवतो. ही माझ्या कारकिर्दीतली पहिली आणि बहुधा शेवटची सुधारणा. पहिल्याच सभेत काकांनी ठराव मांडला की टेलिफोनच्या वायरीसाठी गच्चीवर कायमचा लोखंडी हुक बसवावा, वॉटरप्रूफिंगला धक्का न लावता. विरोध कोणी केला नाही, कारण त्याआधी काकांनी झेल कसा घेतला ते सांगितलं होतं, आणि आता त्या झेलात ते दहा पावलं मागे धावलेले असतात.

हुक बसवला त्या रविवारी सुभेदार परेडनंतर वर आले. त्यांनी हुक दोन्ही हातांनी धरला, पाय उचलले आणि वर्दीसकट त्याला लोंबकळून बघितलं. हुक हलला नाही. खाली उतरून त्यांनी हात पुसले आणि विचारलं, पुढच्या रविवारी वायर ओढायला किती वाजता सुरू करायचं.