वैशालीचा तिसरा निरोप

अमळनेरहून निघालेली गाडी नवापूरला थांबली, तेव्हा मी केवळ हौसेपोटी खाली उतरलो. या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. एका राज्यात भजी घेतली, दुसऱ्या राज्यात उभं राहून खाल्ली आणि गाडी हलल्यावर धावत येऊन डबा पकडला. डब्यातल्या एका आजींनी माझ्या वयाकडे बघून कपाळाला हात लावला.

२०१९चा मार्च संपत आला होता. मी सुरतेला ताईकडे चाललो होतो, भाचीला निरोप द्यायला. वैशालीच्या आधीच्या दोन निरोपांना मला यायला जमलं नव्हतं. पण हळहळ वाटायचं कारण नव्हतं, कारण दोन्ही वेळा ती गेलीच नव्हती.

अडचण इथली नव्हती, लंडनची होती. वैशालीचा नवरा नीलेश दमणचा. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलातला, म्हणून नातवाला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला आणि त्या जोरावर तो इंग्लंडात लेस्टरला एका गोदामात कामाला लागला. बायकोला तिकडे न्यायची परवानगीही आली. तेवढ्यात ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं आडवं आलं. बाहेर पडायचं हे लोकांनी ठरवून दिलं होतं. पण कसं पडायचं, ते संसदेला ठरवता येईना. करार आला की फेटाळायचा, तारीख आली की पुढे ढकलायची. ‘त्यांचं ठरू दे, मग ये,’ असं नीलेश दर वेळी सांगे आणि इकडे बांधलेल्या बॅगा पुन्हा सुटत.

उधना स्टेशनवर उतरलो आणि जमेल तसं गुजराती जुळवत रिक्षावाल्याला विचारलं, “नवागाम आवशो?”

तो हसला. “काका, मी नंदुरबारचा. कशाला त्रास करून घेता? बसा.”

नवागामच्या गल्लीत शिरताच यंत्रमागांचा खडखडाट कानावर आला. साड्यांच्या गाठोड्यांनी भरलेला टेम्पो आडवा उभा होता, म्हणून उरलेली वाट पायीच गेलो. ताई दारातच होती. “उना का भाऊ?” (आलास का भाऊ?) माझ्या हातातली पिशवी घेत ती म्हणाली, “ये. पण आपली पोर जाईल की नाही, देव जाणे.”

झालं असं होतं की त्याच सकाळी नवी बातमी आली होती. संसदेने आठ पर्याय एकाच वेळी मतदानाला टाकले, आणि एकही मंजूर झाला नाही. नीलेशचा फोन येऊन गेला होता: थांब.

दाजींनी उभं आयुष्य मागांच्या खात्यात (कारखान्यात) काढलं, त्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं आणि बोलणं गल्लीभर जातं. टीव्हीवर तिथले सभापती ‘ऑर्डर, ऑर्डर’ ओरडत होते. दाजी म्हणाले, “मास्तर, तुम्ही शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं ना? मग सांगा, हे लोक नको नको म्हणतात ते कळलं. पण यांना हवंय काय?”

मी बहुमत, विरोधी पक्ष, स्वपक्षातली बंडाळी असं बरंच समजावलं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे तुम्हालाही माहीत नाही,” ते म्हणाले. ताई हसत हसत आत गेली.

हसली नाही ती वैशाली. कपड्यांच्या युनिटमधली नोकरी तिने पहिल्याच निरोपाच्या वेळी सोडली होती. शेजारणी ओट्यावरून “अजून इथंच?” विचारायच्या, म्हणून भाजीलाही ती लांबच्या वाटेने जाई. लग्नाला दीड वर्ष झालेलं, त्यातला बहुतेक संसार फोनवर. आलेल्या परवानगीची मुदतही संपत आली होती.

संध्याकाळी तिला घेऊन डुमसला गेलो. इथल्या समुद्राची वाळू काळी. लाटा मातकट, पण वारा झकास. टोमॅटोची भजी इथली खासियत. चटणी लावलेली टोमॅटोची चकती पिठात बुडवून तळलेली. पहिल्याच घासाला माझी जीभ पोळली. मी तोंड उघडं टाकून वारा घेऊ लागलो, तेव्हा वैशाली त्या दिवसात पहिल्यांदा खळखळून हसली.

मग म्हणाली, “मामा, तुम्ही काय म्हणता? थांबू?”

मला तर थांबावंसंच वाटत होतं. तसं म्हणालोही.

तिने तेलकट हात रुमालाला पुसले. मग तिथूनच तिने नीलेशला फोन लावला. “तुमचं काम सुरू आहे ना? भाड्याची खोली आहे ना? बस. त्यांचं ठरेल तेव्हा ठरेल. मी शनिवारी निघते.”

फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, “चालशे (चालेल). ये. मीपण कंटाळलोय एकटा जेवून.”

घरी कळताच दाजी तडकले. “उद्या त्यांनी जावयालाच हाकललं तर?”

“तर दोघं मिळून परत येऊ, पप्पा. आता मी एकटी इथं, ते एकटे तिथं.”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. एव्हाना माझं मत फिरलं होतं. ताई म्हणाली, “आते पोरले जाऊ द्या.” (आता पोरीला जाऊ द्या.)

शनिवारी सकाळी गल्लीतले सगळे ओट्यावर जमले. समोरची लताबेन घारी घेऊन आली. घारी म्हणजे खवा भरून तुपात घोळवलेली सुरती मिठाई. “या वेळी गेली नाहीस ना, तर माझं हे तूप फुकट गेलं समज!” सगळे हसले. दाजी मात्र बॅगेचे पट्टे पुन्हा पुन्हा आवळत राहिले. सुरत स्टेशनवर मुंबईची गाडी आली तेव्हा त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परतीच्या गाडीत होतो. व्यारा मागे पडलं, उसाची शेतं सरत आली, तेवढ्यात फोन वाजला.

“मामा, पोहोचले. थंडी फार आहे. शेजारच्या काकी आत्ताच हळद मागून गेल्या.”

“आणि संसद काय म्हणते?”

“ते अजून भांडतायत,” ती म्हणाली. “मी कुकर लावलाय.”

फोन ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत बसलो. मोठ्या सभागृहांचे निर्णय व्हायला वेळ लागतो, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितलं असेल. तेवढा वेळ थांबायचं कुणी, हे मात्र एकाही पोराने विचारलं नव्हतं, आणि माझ्याही कधी मनात आलं नव्हतं.