टर्बोचा नट, कुरतडलेला पाइप आणि उजनीचे रोहित: सोलापूर ते जेऊर, एकटीनं

दिवाळीपासून ठरत होतं. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरलेत, ते बघायला गल्लीतल्या आम्ही तिघी जाणार. ऐन वेळी एकीच्या सुनेचे दिवस भरत आले आणि दुसरीचा गुडघा दुखायला लागला. अगं, गाडीत बसून तर जायचं होतं, गुडघ्याला काय डोंगर चढायचाय? पण माणसाला यायचं नसलं की गुडघाच कामाला येतो. म्हटलं, बसा घरात. मी एकटी जाते.

जायला आणखी एक कारण होतं. माझा मुलगा सिद्धू पुण्यात नोकरीला. आमच्या ह्यांच्या माघारी ही जुनी डिझेलची गाडी दारात उभी असते, ती विकून टाक म्हणून तो रोज संध्याकाळी फोन करायचा. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. "अव्वा, गाडीत दम राहिला नाही. रस्त्यात कुठंतरी अडकून बसशील." रोज तेच रडगाणं, आणि रोज मी भांडायची. शेवटी पैज लागली. मी गाडी उजनीकाठच्या जेऊरला नेऊन परत आणायची. वाटेत बिघडली, तर रविवारी येणाऱ्या गिऱ्हाईकाला किल्ली द्यायची. नीट आली, तर विषय बंद.

मला ही गाडी सोडायची नव्हती. ह्यांचे डोळे अधू झाले तेव्हा चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले. चौथी शिकलेल्या बाईला लायसन काढायला किती चकरा पडतात ते मला विचारा. आता माझ्या धंद्याचे चटणीचे डबे दुकानांत पोचवायला रिक्षा मिळेल, पण मनात आलं आणि निघाले, हे रिक्षात होत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी गॅरेजात दाखवली. दाबलं की ओढतच नाही, असं सांगितलं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. हवा जास्त दाबली की गाडीला ओढ जास्त. त्या दाबाला आवर घालायला एक दांडी असते. गॅरेजवाल्यानं दाब वाढवायला दांडीवरचा नट पान्यानं आवळला आणि हात पुसत म्हणाला, "ताई, आता विमान झालं बगा."

पहिला दिवस

सकाळी सहाला निघाले. तुम्ही जाणार असाल तर लवकरच निघा. हंगाम चालू आहे, नऊनंतर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. पुणे हायवे गुळगुळीत आहे, टोलसाठी फास्टॅगात पैसे ठेवा. पाणी घरून न्या.

सोलापूर सुटलं आणि गाडी खरंच विमानासारखी सुटली. टर्बोची बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. मी मनात म्हटलं, सिद्धू, आता बस बोंबलत.

मोहोळच्या अलीकडं एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला होता, वर स्पीकरवर गाणी. ओव्हरटेकला बाहेर काढली, पाय दाबला, आणि अर्ध्यात गाडीचा जीवच गेला. समोर पिवळा दिवा लागला. पाय दाबते तर काही नाही, बैलगाडी झाली. मागून ट्रकवाला हॉर्न मारून मारून पागल. कशीबशी परत ट्रॅक्टरच्या मागं घुसले आणि कडेला थांबले.

गाडी बंद केली, परत चालू केली. झाली की ठीक! जसं काही घडलंच नाही.

तेवढ्यात सिद्धूचा फोन. "कुठं आहेस?"

"मोहोळला."

"थांबली ना गाडी?"

"गाडी थांबली न्हाय, मी थांबले. चहा प्यायला."

चहा मग प्यावाच लागला. टपरीवाल्यानं विचारलं, "एकट्याच? मालक?" मी म्हटलं, "वर." तो आभाळाकडं बघायला लागला. मी कप ठेवून निघाले.

शेटफळवरून माढ्याकडं वळले. हा रस्ता अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असते, बघायला बरं वाटतं. हळू चालवली की गाडी गुणाची. जोरात दाबली की पिवळा दिवा आणि गेला जीव. माढ्याच्या पुढं परत तेच झालं. आता माझं डोकं फिरलं. कुर्डुवाडीत शिरल्याबरोबर पहिलं जे गॅरेज दिसलं तिथं गाडी घातली. मालक इस्माईलभाई, माझ्याच वयाचे, तोंडात पान.

सगळं ऐकून ते म्हणाले, "दाब कमी पडतोय भाभी. नट अजून आवळतो."

"हात लावू नका."

"का?"

"काल आवळला. तवापासून जास्तच मरायला लागलीय. ज्यानं दुखणं वाढलं तेच औषध परत पाजता व्हय? मी पैसे देते म्हणून काय पण करायचं का?"

इस्माईलभाईंनी पान थुंकलं. "मग तुम्हीच करा रिपेअर. मी चहा पितो."

"रागवू नका. मला एवढंच सांगा, कुकरची शिट्टी अडकली तर काय होतं?"

"फुटतो."

"आणि फुटायच्या आधी शहाणी बाई काय करती?"

"गॅस बंद करते." ते म्हणाले. "इंजिनमधला कॉम्प्युटर पण तेच करतो म्हणा. दाब लई झाला की डिझेल तोडतो."

आतून त्यांनी प्रेशरचं मीटर आणलं. इंजिनाला लांब नळी जोडून ती खिडकीतून आत घेतली आणि मीटर हातात धरून शेजारी बसले. मला म्हणाले, चालवा. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्या शेजारच्या सीटवर बसलेला हा पहिला माणूस. मी कुणाला घेऊन कुठं जाते म्हणा, त्या सीटवर कायम चटणीचे डबे असतात.

रेल्वेच्या वर्कशॉपच्या बाजूनं मोकळा रस्ता आहे, तिथं पाय दाबला. ते ओरडले, "अरे बाप रे! हे कमी कुठलं, चढतच चाललंय की!" आणि पिवळा दिवा लागला.

परत येऊन बॉनेट उघडलं. दाब किती झाला ही खबर त्या दांडीच्या डबीला एक बोटाएवढा रबरी पाइप देतो. खबर पोचली की दांडी हलते, झडप उघडते, जादा दाब निघून जातो. कुकरची शिट्टीच. इस्माईलभाईंनी पाइप काढला, एका तोंडावर बोट ठेवून दुसऱ्यातून फुंकर मारली. मधूनच हवा फुस्स. पालथा करून बघितलं तर बारीक बारीक दातांच्या खुणा. मग त्यांनी इंजिनाच्या कोपऱ्यात हात घातला आणि मूठभर शेंगांची टरफलं बाहेर काढली.

"क्या भाभी, चूहे पाले क्या? इथं तर गोडाऊन हाय!"

माझा शेंगाचटणीचा धंदा. अंगणात शेंगा फोडते, टरफलाचं पोतं गाडीच्या बाजूला. ह्यांच्या काळात गाडी रोज हलायची. आता हप्त्यात एकदा दुकानांची फेरी, बाकी उभीच. उंदरांना खायला शेंगा, झोपायला गरम इंजिन, चघळायला रबर. एवढी सोय तर मी पाहुण्यांची पण करत नाही.

म्हणजे असं झालं होतं: पाइप फुटका, खबर पोचेना, झडप उघडेना, दाब भलताच चढायचा आणि कॉम्प्युटर गाडीचा गळा धरायचा. आम्हाला वाटलं दम कमी आहे. वरून नट आवळून आम्ही शिट्टी आणखीनच घट्ट केली.

नवा पाइप घातला. नट मागं घेतला. मग चालवून बघायचं, काटा बघायचा, परत येऊन नट अर्धा फेरा फिरवायचा, परत चालवायचं. घाई मला लई असते, पण ह्या कामात घाई चालत नाही. शेवटी पाय पूर्ण दाबला तरी काटा चढून एका जागी उभा राहिला, हलला नाही. इस्माईलभाई म्हणाले, "बस. आता हात लावायचा नाही." तुमची गाडी पण दाबल्यावर मरत असेल आणि बंद-चालू केल्यावर सुधारत असेल, तर नटाला पाना लावायच्या आधी पाइप फुंकून बघा. मीटर लावल्याशिवाय दाब वाढवून घेऊ नका, इंजिन जाईल.

खर्च फार नाही आला. निघताना ते म्हणाले, "गाडी उभी ठेवू नका. फिरवत जा कुणाला तरी घेऊन."

मी म्हटलं, "बघते."

टेंभुर्णीवरून करमाळा रस्ता धरला. जेऊरच्या पुढं पाण्याकडं केळीच्या बागा लागतात. एका घरात पाहुण्यांसाठी खोल्या केल्यात, जेवणासकट हजाराच्या आत. सगळे मासे खायला येतात, मी शाकाहारी. घरच्या बाईनं पिठलं-भाकरी केली, चांगली होती. पंगतीच्या लांबलचक रिकाम्या पडवीत माझं एकच ताट मांडलं, तेवढं मात्र नको होतं. आत तिच्याबरोबर चुलीपाशी बसून खाल्लं असतं.

दुसरा दिवस

दिवस उगवायला बोटीवर गेले. बोटवाला म्हणाला, "मावशी, भाडं बोटीचं असतं, माणसाचं न्हाय. धा बसा न्हायतर एक बसा. जरा थांबा, कोण आलं तर वाटून घ्या."

थांबले. कोण आलं नाही. पूर्ण भाडं देऊन एकटी बसले.

पाणी एकदम गप. लांबवर पांढरी रेघ दिसत होती, मला वाटलं मिठाचा थर असेल. बोटवाल्यानं मशीन बंद करून काठीनं पुढं नेली. ती रेघ म्हणजेच पक्षी. लांब काड्यांसारखे पाय, माना पाण्यात. मग एक उडाला आणि त्याच्यामागं सगळे. पंख उघडले की आतून लाल! कुंकवाचा करंडा सांडावा तसं आभाळ झालं.

"बघा की!" माझ्या तोंडातून निघालं.

बोटवाला म्हणाला, "रोजच बघतोय मावशी."

मी त्याला म्हटलंच नव्हतं. मी डावीकडं वळून म्हटलं होतं, गाडीत जिकडं आमचे हे बसायचे. फोटो काढले, धूसर आलेत, खाली टाकलेत. फोटोसाठी जाणार असाल तर चांगला कॅमेरा न्या.

येताना मोहोळजवळ ट्रॅक्टर आडवा आलाच. बाहेर काढली, पाय दाबला, शिट्टी वाजली आणि गाडी त्याला अशी मागं टाकून गेली की मी एकटीच ओरडले, "हाण!" दिवा नाही, काही नाही.

घरी आल्यावर

संध्याकाळी सिद्धूचा फोन आला. सांगितलं नसतं तर त्याला कळलं नसतं. पण पैज ती पैज. म्हटलं, "बिघडली होती. दोनदा जीव गेला. कुर्डुवाडीत नीट करून घेतली. आता बोल काय बोलायचं ते." मी पदर खोचून तयार होते. काय काय बोलायचं ते कुर्डुवाडीपासून पाठ केलं होतं.

तो म्हणाला, "नीट झाली ना? मग राहू दे. गिऱ्हाईकाला नको सांगतो."

एवढंच. भांडण झालंच नाही. मला आनंद व्हायला पाहिजे होता, झालाही, जेवण होईपर्यंत.

टरफलाचं पोतं आता गच्चीवर ठेवते. गाडी दिवसाआड फिरवते. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. गाडीचा विषय मिटला तर बोलायला उरलं काय? हप्ता गेल्यावर मीच लावला.

"काय झालं अव्वा? गाडी बंद पडली?"

"न्हाय. चांगली चाललीय."

"मग?"

जेवलास का विचारलं. हो म्हणाला, कामात आहे, नंतर करतो म्हणाला.

आता खरं सांगते. गाडी वाचली ह्याचं समाधान आहे. पक्षी बघितले, ते डोळ्यांसमोरून जात नाहीत. पण ते सांगायला घरात भिंती आहेत फक्त, म्हणून इथं लिहिलं, नाहीतर मला कुठं लिहायची हौस. पक्षी अजून महिनाभर आहेत म्हणतात. सोलापुरातल्या कुणा बाईला जायचं असेल तर खाली कळवा. डिझेल माझं, बोटीचं भाडं वाटून घेऊ. सकाळी सहाला निघायचं. गुडघा दुखत असेल तर आधीच सांगा, हळू चालवीन.